एका तपासणीची तपासणी

शाळेच्या कपाटात २०१२-१३ सालातला एखादा लॅपटॉप असतोच. कोणा माजी विद्यार्थ्याने दिलेला, किंवा कोणत्या तरी कार्यालयातून निकालात निघालेला. पडदा ठीक, कळफलक ठीक. पण काम करताना अडखळतो. मग कोणी तरी सुचवते, की नवा घेण्याऐवजी यातला प्रोसेसरच बदलून टाका. त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपांत ते शक्य होते. (इंटेलच्या लॅपटॉप-प्रोसेसरांत २०१३ ची चौथी पिढी ही खोबणीतून काढता-घालता येणारी शेवटची, पुढच्या पिढ्यांत ते पाटीवर कायमचे डाखलेले असतात.) जुन्या बाजारात वरच्या दर्जाचा प्रोसेसर मिळतो, कारागीर तो बसवून देतो. मग अर्धा तास यंत्र पूर्ण भारावर चालवतो, पडद्यावरचा तापमानाचा आकडा दाखवतो आणि म्हणतो, "बघा सर, नव्वदच्या आत आहे. कूलिंग ओके."

सर पैसे देतात आणि लॅपटॉप घेऊन शाळेत येतात. माझा विषय ही शेवटची तपासणी आहे. कोल्हापुरात काय किंवा आणखी कुठे काय, ती साधारण अशीच होते. आणि ती करणारा माणूस प्रामाणिक असतो, हेही सांगायला हवे. पण हीच तपासणी एखाद्या विद्यार्थ्याने विज्ञानाच्या तासाला प्रयोग म्हणून मांडली असती, तर आपण तिला किती गुण दिले असते? माझ्या मते दहापैकी तीन. ते तीन कशाचे आणि उरलेले सात का कापले, हे पाहू. कारण या सात गुणांचा हिशेब शेवटी आपल्या उष्णतेच्या पाठापाशी येऊन थांबतो.

आधी बदल काय झाला ते पाहू. उदाहरण म्हणून २०१२ सालचे दोन प्रोसेसर घेऊ. कोअर आय३-३११०एम यात दोन गाभे आहेत आणि त्याच्या शीतनव्यवस्थेने ३५ वॅट उष्णता वाहून नेण्याची तयारी ठेवावी, असे निर्माता सांगतो. त्याच्या जागी कोअर आय७-३६१०क्यूएम बसवला, तर गाभे चार होतात आणि हाच आकडा ४५ वॅट होतो. दहा वॅटचा फरक म्हणजे एका लहानशा एलईडी दिव्याइतका. ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण हे ४५ वॅट ज्या सिलिकॉनच्या तुकड्यातून निघतात, त्याचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या नखाएवढे आहे. दर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे २८ वॅट झाले. हजार वॅटच्या इस्त्रीचा तळ २५० चौरस सेंटिमीटर धरला, तर तिथे दर चौरस सेंटिमीटरमागे चारच वॅट पडतात. इस्त्रीच्या सातपट दाटीने निघणारी ही उष्णता सतत बाहेर नेत राहायची आहे.

तिचा मार्ग असा. सिलिकॉनच्या तुकड्यावर तांब्याची पट्टी दाबून बसवलेली असते. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले, तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म फटी राहतात आणि फटीत हवा असते. तांब्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे पंधरा हजारपट आहे. म्हणून ती हवा हाकलण्यासाठी मध्ये पेस्ट लावतात. पेस्ट तांब्यापेक्षा फार कमी वाहक असते. ती फट भरण्यापुरतीच हवी, थर देण्यासाठी नव्हे. पट्टीपासून पुढे एक चपटी तांब्याची नळी जाते. ती भरीव नसते. तिच्यात थोडेसे पाणी कमी दाबाखाली बंद केलेले असते. तापलेल्या टोकाला पाण्याची वाफ होते, वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे तिचे पुन्हा पाणी होते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून केशाकर्षणाने ते परत येते. १९६३ साली अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी ही 'उष्णतानळी' प्रत्यक्षात आणली. थंड टोकाला पातळ पत्र्यांची जाळी असते आणि पंखा त्या जाळीतून हवा फेकतो. वहन, अवस्थांतर आणि अभिसरण हे तिन्ही एका वितीच्या अंतरात!

आता गुण. यंत्र रिकामे न तपासता पूर्ण भारावर तपासले, त्याचा एक गुण. मिनिटभरात आटोपले नाही, त्याचा दुसरा. पहिली काही सेकंदे असा प्रोसेसर ठरलेल्या शक्तीहून जास्त शक्ती वापरतो आणि त्याच वेळी तांबे अजून तापायचे असते. त्यामुळे सुरुवातीच्या आकड्याला अर्थ नसतो. तापमान स्थिरावण्यासाठी पंधरा-वीस मिनिटे द्यावीच लागतात. तिसरा गुण हाताचा भरवसा न धरता चिपमधल्या संवेदकाचा आकडा वाचल्याबद्दल. तळाला हात लावून "फार तापत नाही" म्हणणारे पुष्कळ असतात. पण तळ थंड लागतो, याचे कारण उष्णता तिथवर पोहोचलीच नाही असेही असू शकते. पेस्ट नीट बसली नसेल, तर चिप भाजत असते आणि तळ गारच असतो.

इथे माझे देणे संपते. पहिला आक्षेप असा, की कारागिराने खोलीचे तापमान लिहिलेच नाही. प्रोसेसर थंड होतो तो खोलीतल्या हवेने. हवा दहा अंशांनी गरम झाली, तर तेवढ्याच वॅटांना चिपही जवळजवळ दहा अंशांनी जास्त तापते. जानेवारीतल्या सकाळी कोल्हापुरात १८ अंश असताना केलेली तपासणी आणि एप्रिलमधल्या दुपारी ३८ अंशांत, वर पत्रा असलेल्या वर्गात होणारी परीक्षा यांत वीस अंशांचे अंतर आहे. 'नव्वदच्या आत' हे वाक्य कोणत्या ऋतूतले, हे सांगितल्याशिवाय अपुरे आहे.

दुसरा आक्षेप एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्याचा. प्रोसेसर बदलायचा, तर तांब्याची पट्टी उचलावीच लागते. ती उचलली, की वाळलेली जुनी पेस्ट पुसून नवी लावतात आणि हात लागलाच आहे म्हणून जाळीतली धूळही साफ करतात. मग कधी कधी चमत्कार दिसतो. जास्त वॅटचा प्रोसेसर बसवूनही तापमान पूर्वीपेक्षा कमी येते! यावरून "नवा प्रोसेसर थंड चालतो" असा निष्कर्ष काढणारे मी ऐकले आहेत. खरे म्हणजे सुधारणा झाडलोटीने झाली आणि श्रेय प्रोसेसरला गेले. एका वेळी एकच घटक बदलावा, हे आपण सहावी-सातवीपासून सांगतो. इथे त्याचा अर्थ असा, की आधी जुन्याच प्रोसेसरवर धूळ काढून, नवी पेस्ट लावून मोजायचे आणि मगच प्रोसेसर बदलायचा.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. त्यासाठी दुकानातून थोडे बाहेर पडून करवीर किंवा पन्हाळा तालुक्यातल्या एखाद्या गुऱ्हाळावर जाऊ.

काहिलीत उसाचा रस उकळतो आहे. चुलवाणात चिपाडे पडताहेत. समजा, आपण रसात तापमापी धरली. रस उकळू लागला, की पारा शंभर अंशांच्या आसपास जाऊन थबकतो. आता जाळ दुप्पट केला, तर पारा दुप्पट चढेल का? नाही. तो जवळजवळ तिथेच राहील. वाफ मात्र दुपटीने निघेल आणि पाणी निम्म्या वेळात आटेल. जाळ मंद असो की धडधडता, तापमापी एकच गोष्ट सांगते. पाणी बहुतेक उडून गेल्यावर पारा पुन्हा वर जातो आणि ११८ अंशांच्या सुमारास गूळ उतरवण्याची वेळ येते. गुळव्या काही शंभर अंशांच्या त्या मुक्कामात पाऱ्याकडे बघत बसत नाही. तो वाफ पाहतो, बुडबुडे पाहतो, शेवटी पाण्यात गोळी करून पाहतो. तापमान जखडलेले असेल, तर जाळाचा अंदाज तापमानावरून येत नाही, हे तो जाणतो.

प्रोसेसरचेही नेमके तेच आहे. आय७-३६१०क्यूएम या प्रोसेसरची मर्यादा १०५ अंश आहे. चिप तिथे पोहोचली, की ती स्वतःच आपला वेग कमी करते, त्याबरोबर तिला मिळणारा विद्युतदाब कमी होतो आणि वॅट घटतात. तापमान १०५ च्या वर जात नाही. काही लॅपटॉपांत निर्माता हा लगाम आणखी खाली, नव्वदच्याही आत बांधून ठेवतो. अशा यंत्रावर 'नव्वदच्या आत आले की उत्तम' ही कसोटी लावली, तर ते यंत्र कधीच नापास होणार नाही. जाळी धुळीने गच्च भरलेली असो, पेस्ट वाळलेली असो, पंखा अर्धमेला असो; यंत्र काम कमी करील आणि आकडा तोच दाखवील. म्हणजे शीतन बिघडले की नाही हे ज्या आकड्यावरून ठरवायचे, तो आकडा स्थिर ठेवण्याची व्यवस्था यंत्रातच आहे. चिपच्या जिवासाठी ही व्यवस्था उत्तम. तपासणाऱ्याला मात्र ती फसवते.

यात नुकसान काय? यंत्र जळत नाही, बंद पडत नाही. पण शाळेने चार गाभ्यांचे पैसे मोजले आणि उन्हाळ्यात, नेमक्या परीक्षेच्या दिवसांत, मुलांना निम्म्या दमाचे यंत्र मिळाले, हे कोणालाच कळत नाही. वर्ग म्हणतो, "संगणक स्लो आहे." दोष सॉफ्टवेअरला दिला जातो, कधी मुलांना. तपासणी तर 'ओके' आहेच.

मग बरोबर तपासणी कोणती? तापमानाच्या जोडीला वॅट वाचावेत. २०११ च्या दुसऱ्या पिढीपासून इंटेलचे हे प्रोसेसर स्वतःच्या शक्तीचा अंदाजही सांगतात. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत प्रोग्रामात तापमान, वॅट आणि गाभ्यांचा वेग हे तिन्ही आकडे शेजारी-शेजारी दिसतात. मग एक साधा भागाकार करायचा: चिप आणि खोली यांच्या तापमानांतील फरकाला वॅटने भागायचे. उत्तर 'अंश प्रति वॅट' असे येते. हाच शीतनव्यवस्थेचा औष्णिक रोध. पंखा पूर्ण वेगात असताना तो साधारण स्थिर राहतो, आणि तो यंत्राच्या शीतनाचा गुण सांगतो. ऋतूचा नाही, कामाचाही नाही.

एक उदाहरण आकडे धरून करू. समजा, साफसफाई आणि नवी पेस्ट झाल्यावर जुना प्रोसेसर पूर्ण भारावर २८ वॅट दाखवतो, खोली २५ अंशांवर आहे आणि चिप ६७ वर. फरक ४२, ४२ भागिले २८ म्हणजे दीड अंश प्रति वॅट. आता नवा प्रोसेसर बसवण्याआधीच अंदाज बांधता येतो. ४५ वॅट गुणिले दीड म्हणजे साडेसदुसष्ट अंशांची वाढ. जानेवारीत १८ अंशांच्या सकाळी चिप साडेपंच्याऐंशीवर राहील. 'नव्वदच्या आत', पास! एप्रिलच्या ३८ अंशांत हीच बेरीज साडेएकशेपाच होते, म्हणजे मर्यादेवर. यंत्र तेच, पेस्ट तीच, कारागीर तोच. निकाल मात्र वेगळा. आता वर्षभराच्या धुळीने रोध दीडवरून १.८ झाला असे धरू. ३८ अंशांच्या खोलीत मर्यादेपर्यंत ६७ अंशांची जागा आहे. ६७ भागिले १.८ म्हणजे सुमारे ३७ वॅट. ४५ वॅटचा प्रोसेसर ३७ वर आला. (वेग त्याच प्रमाणात घटत नाही, त्याहून कमी घटतो, कारण वेगाबरोबर विद्युतदाबही उतरतो आणि शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते.) नव्या चिपचा तुकडा थोडा मोठा असल्याने तिची उष्णता पट्टीवर जरा जास्त पसरते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा अंदाजाहून काहीसा खाली येऊ शकतो. पण अंदाज आणि मोजमाप यांत मोठी तफावत पडली, तर पेस्ट किंवा पट्टीची बैठक चुकली, असे समजून ती पुन्हा पाहावी.

तापमान आणि वॅट एकत्र वाचण्याचा आणखी एक फायदा आहे. वेग घटला आणि तापमान मर्यादेला टेकलेले असेल, तर दोष शीतनाचा. वेग घटला पण चिप सत्तर अंशांवरच असेल, तर दोष शीतनाचा नव्हे. कदाचित जुना ६५ वॅटचा चार्जर नव्या भाराला पुरत नसेल. एकटा तापमानाचा आकडा या दोन दुखण्यांत फरक करू शकत नाही.

पंख्याच्या आवाजाविषयीही थोडे. "पंखा जोरात फिरतो, गरम हवा येते, म्हणजे कूलिंग चांगले" हे अर्धसत्य आहे. समजा, पंखा सेकंदाला अडीच लिटर हवा फेकतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे; इथली हवा मुंबईपेक्षा पाचेक टक्के विरळ. अडीच लिटरचे वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास भरेल आणि ४५ वॅट घेऊन ती हवा सुमारे १६ अंशांनी तापून बाहेर पडेल. जाळी अर्धी तुंबली आणि निम्मीच हवा आली, तर तेवढेच वॅट घेऊन ती ३३ अंशांनी तापेल. म्हणजे हाताला जास्त गरम लागणारी हवा आरोग्याचे नव्हे, रोगाचे लक्षण असू शकते. हवा किती गरम याबरोबर ती किती येते, हेही पाहायला हवे.

आता हा हिशेब आपल्या दाराशी. कारागिराने शाळेत काय शिकले असेल? २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकातला 'उष्णता' हा पाठ उघडावा. अप्रकट उष्मा, पुनर्हिमायन, पाण्याचे असंगत आचरण, दवबिंदू, विशिष्ट उष्माधारकता हे सारे त्यात आहे, आणि मांडणीही स्वच्छ आहे. पण त्यातला भर 'किती उष्णता' यावर आहे. 'दर सेकंदाला किती उष्णता, आणि तिच्या वाटेत अडथळा किती' हा प्रश्न तिथे येत नाही. उष्णतावाहकता आणि न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम अकरावीत येतात, म्हणजे विज्ञान शाखेला जाणाऱ्यांच्याच वाट्याला. जो मुलगा दहावीनंतर यंत्रे दुरुस्त करायला बसणार आहे, ज्याला औष्णिक रोधाची रोज गरज पडणार आहे, त्याच्यापर्यंत ती कल्पना पोहोचतच नाही. हा माझा खरा आक्षेप आहे, आणि दुकानातल्या तपासणीवरचे सातही गुण मी इथूनच कापले आहेत.

यासाठी नवा पाठ वाढवावा, असे मी म्हणत नाही. बी आहे त्याच पाठात आहे. बर्फ तापवून पाणी आणि पाण्याची वाफ होईपर्यंतचा तापमान-काल आलेख आपण फळ्यावर काढतो. त्यातल्या आडव्या रेषा दाखवून "इथे तापमान बदलत नाही" असे सांगतो आणि पुढे जातो. तिथेच एक प्रश्न विचारावा: ही आडवी रेषा पाहून शेगडी मोठी की लहान, हे कसे ओळखाल? मुले थोडा वेळ गप्प बसतील, मग कोणी तरी म्हणेल, "रेषेच्या लांबीवरून." ज्या मुलाला हे उत्तर सुचले, तो 'नव्वदच्या आत' या वाक्याला सहजी भुलणार नाही. दुसरी गोष्ट: नववीत ओहमचा नियम शिकवतो, तेव्हा विभवांतराच्या जागी तापमानफरक, धारेच्या जागी वॅट आणि रोधाच्या जागी औष्णिक रोध एकदा लिहून दाखवावा. दोन पाठ एकमेकांच्या शेजारी राहूनही त्यांची कधी ओळख करून दिलेली नाही.

आणि प्रयोग? तो कपाटातच आहे. लॅपटॉप उघडण्याचे काम जाणकारावर सोपवावे. मोजमाप मात्र वर्गाने करावे. साधी तापमापी, घड्याळ आणि वही पुरे. यंत्र टेबलावर ठेवून वीस मिनिटे पूर्ण भारावर चालवायचे. मग खोलीचे तापमान, चिपचे तापमान, वॅट आणि वेग असे चार आकडे लिहायचे आणि भागाकार करायचा. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी हेच पुन्हा करावे. चिपचे तापमान ऋतूप्रमाणे वर-खाली होईल, पण अंश प्रति वॅटचा आकडा ऋतूबरोबर फारसा हलणार नाही. तो महिन्यागणिक चढू लागला, तर धूळ साचते आहे असे समजून जाळी साफ करावी. आकडा खाली आला, की मुलांना आपल्याच मोजमापाचा पुरावा मिळेल.

पुढच्या वेळी कोणी "कूलिंग ओके" म्हणाले, तर आपण भांडू नये. फक्त विचारावे: खोली किती अंशांवर होती, आणि त्या वेळी वॅट किती होते?